वर्षाला साठ सिलिंडर

करार करायला सही लागते, असा आपला समज असतो. ब्रिटनमध्ये गॅसच्या बाबतीत तो चालत नाही. भाड्याच्या घराची किल्ली हातात पडते, विमानप्रवासाने आंबलेलं अंग धुवायला तुम्ही गरम पाण्याचा नळ सोडता, भिंतीवरचा बॉयलर 'भप्प' करून पेटतो आणि त्याच क्षणी कुठल्याशा कंपनीशी तुमचा करार झालेला असतो. कंपनी कुठली आणि दर काय हे तुम्हाला ठाऊक नसतं. तुम्ही कोण हे कंपनीलाही ठाऊक नसतं. तरी कायद्याच्या लेखी तुम्ही तिचे गिऱ्हाईक. आधीच्या भाडेकरूने जी कंपनी धरली असेल ती घराबरोबर तुमच्या पदरात पडते, आणि अशा न मागता मिळालेल्या करारातला दर बहुधा स्वस्त नसतो. आंघोळ उरकली की पुढे दोनच रस्ते. एक तर हे लागलेलं नातं मुकाट्याने चालवायचं, नाहीतर बाजारात उतरून आपलं टॅरिफ आपण निवडायचं.

आम्ही रेडिंगला राहायला आलो तेव्हा इथल्या जुन्या मराठी मंडळींनी हाच सल्ला पहिल्यांदा दिला. "डॉक्टरकडे नाव मागाहून घाला, मुलीची शाळा बघू सावकाश, आधी गॅसचं बघा." असं म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत एक चमक असते. ती कसली, हे पुढे कळतं.

भारतातून आलेल्या माणसाला हा दुसरा रस्ता लवकर दिसतच नाही, कारण आपल्याकडे गॅस निवडायचा नसतो, मिळवायचा असतो. माझ्या आईवडिलांनी गॅससाठी नंबर लावला आणि मग वाट पाहिली. वाट पाहता पाहता लोकांच्या मुली लग्न होऊन सासरी गेल्या आणि तिथेही त्यांनी नंबरच लावले. खासदारांच्या कोट्यातल्या कुपनासाठी चुलत मेव्हण्याच्या साडूपर्यंत ओळखी काढल्या जात. शेवटी कनेक्शन आलं की शेगडीला हळदकुंकू वाहायचं. पुढे डबल सिलिंडर मिळाला की घराण्याची पत वाढायची. सिलिंडर हा पाहुणे बसलेले असतानाच संपायचा, आणि तो खांद्यावरून तीन जिने चढवणाऱ्या गॅसवाल्याचं दिवाळीचं पोस्त कधी चुकवायचं नाही, असा घरचा दंडक होता. २०१२ मध्ये सरकारने सवलतीचे सिलिंडर वर्षाला सहावर आणले, ओरड झाली तेव्हा नऊ केले, २०१४ मध्ये बारा. या सगळ्या इतिहासात 'आपल्याला कुठला दर सोयीचा पडेल?' असं आम्हाला कोणी विचारलेलं नाही. तशी मुंबईला गॅसची ओळख फार जुनी. रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ सालीच लागले आणि त्या वेळच्या गॅस कंपनीची गल्ली लालबागला अजून आहे. पण दिवा लागला हेच लोकांना पुष्कळ होतं. टॅरिफ विचारायला कोणी थांबलं नसणार.

इथे मात्र विचारतात. दर तुलना करून देणाऱ्या वेबसाइटींचं इकडे पेव फुटलंय. एकीच्या जाहिरातीत रशियन उच्चारात बोलणारा मीरकॅट असतो, दुसरीच्या जाहिरातीत मिशा पिळलेला ऑपेरागायक गळा फाडतो. त्यांतून पार होऊन तुम्ही आत शिरता आणि पहिला प्रश्न येतो: गेल्या वर्षी तुम्ही किती गॅस वापरलात?

गेल्या वर्षी आम्ही कोथरूडला होतो. तिथला वापर सांगायचा तर 'सिलिंडर दीड महिना जातो, दिवाळीच्या फराळात कमी पडतो,' इतकाच आमचा अभ्यास. वेबसाइटवर फराळाचा रकाना नाही. तिला आकडा हवा असतो किलोवॉट-तासांत, म्हणजे आपण विजेच्या बिलावर ज्याला युनिट म्हणतो त्यात.

नव्याने परदेशी आलेल्या माणसाकडे बाकी सगळं असतं. पासपोर्ट असतो, व्हिसा असतो, पदव्यांच्या साक्षांकित प्रती असतात, लोणच्याच्या तीन-तीन पिशव्यांत गुंडाळलेल्या बरण्या असतात. नसतो तो भूतकाळ. आणि इथे जो तो नेमका तोच मागतो. बँकेला मागच्या तीन वर्षांचे पत्ते हवेत, घरमालकाला मागच्या घरमालकाचं पत्र हवं, मोबाइलवाल्याला तुम्ही पूर्वी कुणाची उधारी वेळेवर फेडल्याचा पुरावा हवा. त्यात आता गॅस कंपनीला तुमचा मागचा हिवाळा हवा. आम्हाला मागचा हिवाळा म्हणजे डिसेंबरात सकाळी फिरायला जाताना घातलेली कानटोपी.

ज्यांना भूतकाळ नाही त्यांच्यासाठी वेबसाइटने सोय ठेवलेली आहे. झोपायच्या खोल्या किती, माणसं किती, दिवसा घरी कोणी असतं का? एवढं सांगितलं की ती तुमचा वापर स्वतःच ठरवते. आम्हाला तिने 'मध्यम' ठरवलं. त्याची आम्हाला सवय आहे. ऑफजेम नावाचं जे ऊर्जा-नियामक मंडळ आहे, त्याच्या तेव्हाच्या हिशेबाने मध्यम घर वर्षाला ११,५०० युनिट गॅस जाळत होतं. आकडा मोठा की लहान, काही उमगेना, म्हणून मी तो ओळखीच्या मापात आणायला बसलो. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १९० युनिटांची उष्णता असते. भागाकार केला. पुन्हा केला. उत्तर तेच आलं: वर्षाला साठ सिलिंडर.

हे मी आईला फोनवर सांगायला नको होतं असं बायको म्हणते.

"साठ?" आई म्हणाली. "खानावळ काढलीत का रे?"

"अगं, स्वयंपाकाला नाही. घर गरम ठेवायला लागतो."

"घर कशाला गरम करायचं? घराला काय थंडी वाजते? माणसं गरम करा. मी दिलेला तो चॉकलेटी स्वेटर कुठाय?"

"आहे."

"मग घाल. आणि सुनेला सांग, कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करत जा."

या शेवटच्या वाक्यातच सगळा घोळ आहे. गॅस वाचवण्याची आपली सगळी पुण्याई स्वयंपाकघरात साठलेली आहे. डाळ तासभर आधी भिजवा, कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी लावा, चहा उतरवला की त्याच आचेवर पापड भाजून घ्या, दूध तापत असताना फोन घेऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली ही विद्या घेऊन माणूस इथे उतरतो आणि कळतं की इथल्या घरात स्वयंपाकाचा गॅस हा एकूण गॅसमधला अगदी चिमूटभर भाग. उरलेला सगळा रेडिएटरमध्ये आणि गरम पाण्यात जातो. म्हणजे बायकोने महिनाभर राजमा भिजवून जे कमावलं, ते मुलीने शॉवरखाली एक अख्खं गाणं म्हणून संपवलं. राजमा भिजवणं अजून चालूच आहे. ते आता गॅससाठी नाही, संस्कारासाठी.

आता मीटर. तो घराबाहेर भिंतीतल्या एका पांढऱ्या पेटीत असतो. पेटीला त्रिकोणी कुलूप असतं. त्याची किल्ली आपल्याकडे नसते, असं घरमालकाच्या एजंटने जरा अभिमानानेच सांगितलं. ती हार्डवेअरच्या दुकानातून विकत आणायची, आणि राहायला येण्याच्या दिवशीच पेटी उघडून मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढायचा. आधीच्या भाडेकरूने जाळलेला गॅस आपल्या नावावर पडू नये, यासाठी एवढा एकच पुरावा. आम्ही पोचलो त्या दिवशी रीतसर पाऊस होता. बायकोने छत्री धरली, मी मोबाइलचा दिवा धरला, मुलीने फोटो काढला. आमचा इथला भूतकाळ त्या फोटोपासून सुरू होतो.

आकडा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. मीटर नवा असेल तर तो घनमीटर मोजतो, जुना असेल तर शंभर-शंभर घनफुटांचे गठ्ठे. या देशाने दशमान पद्धत स्वीकारायला घेतली आणि अर्ध्यावर कंटाळा केला. पेट्रोल लिटरने मिळतं, दारावर येणारं दूध पाइंटने, रस्ते मैलांत. मीटर कुठल्या पिढीचा आहे ते न बघता आकडा लावला तर बिल २.८३ पटींनी इकडचं तिकडे होतं. मग त्या घनमीटरांना १.०२२६४ ने गुणायचं, त्याला गॅसच्या उष्मांकाने गुणायचं, जो ३९ च्या आसपास असतो पण रोज थोडा हलतो, आणि ३.६ ने भागायचं. हा सगळा हिशेब बिलावर छापलेला असतो, कोणी वाचणार नाही या खात्रीने. आमच्या ओळखीच्या एका काकांनी तो वाचला. सदाशिव पेठेतून आलेले, मुलाकडे सहा महिने राहायला. वेळ होता, कागद होता. त्यांनी मुलाचं वर्षभराचं गॅसचं बिल पाढे म्हणत तपासलं. बिल पैशापर्यंत बरोबर निघालं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत नीट.

बरं, बातम्या बघाव्यात तर तिथे गॅसचा घाऊक भाव 'पेन्स प्रति थर्म' असा सांगतात. एक थर्म म्हणजे २९.३ युनिट, पण निवेदक ते सांगत नाही. हा भाव जिथे ठरतो त्या जागेचं नाव आहे नॅशनल बॅलन्सिंग पॉइंट. मी ती नकाशावर शोधली. ती नाही. म्हणजे तशी जागाच अस्तित्वात नाही. १९९६ पासून सगळा देश आपला गॅस एका काल्पनिक ठिकाणी विकत घेतो आणि खऱ्या पैशांनी बिल भरतो.

हे सगळं पचवून तुम्ही टॅरिफांच्या यादीकडे येता. तिथे कंपन्याच कंपन्या आणि प्रत्येकीची चार-चार टॅरिफं. नावं अशी, की ती गॅसची आहेत का विपश्यनेच्या शिबिराची असा प्रश्न पडावा. मी साध्या माणसाचा साधा प्रश्न विचारला: यांतला चांगला गॅस कुणाचा? मंडळी हसली. गॅस सगळ्यांचा एकच आहे! नॉर्वेतून समुद्राखालच्या नळाने आलेला, उत्तर समुद्रातला उरलासुरला, जहाजातून द्रवरूप होऊन आलेला, सगळा एकाच जाळ्यात मिसळतो आणि तोच सगळ्यांच्या बॉयलरमध्ये येतो. नळ भलत्याच कंपन्यांचे असतात. तुम्ही पुरवठादार बदललात तर घरी कोणी येत नाही, काही खोलत नाही, ज्योत साधी लवतही नाही. बिलाच्या डोक्यावरचं चित्र तेवढं बदलतं.

याचा दाखला इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला. २०२१ च्या उत्तरार्धात घाऊक भाव भडकले आणि वर्षभराच्या आत तिसेक पुरवठादार कंपन्या बुडाल्या. लाखो घरांना गॅस पुरवणारी कंपनी रात्री नाहीशी झाली आणि सकाळी त्याच शेगडीवर त्याच वेळात चहाला उकळी आली. ऑफजेमने त्या गिऱ्हाइकांना दुसऱ्या कंपन्यांत वाटून दिलं, आणि त्या वाटपाचा खर्च देशातल्या सगळ्यांच्या बिलांत वाटून दिला. बुडलेल्या कंपनीचं तोंडही न पाहिलेल्यांना तिच्या तेराव्याची वर्गणी पडली.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या. घरात दोन स्वेटर आणि मांडीवर मांजर. त्या अजूनही 'गॅस बोर्ड' म्हणतात. महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, गॅस सरकारी झाला तेव्हाचं ते नाव. आजी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा शेगडीत कोळशापासून केलेला गॅस होता. उत्तर समुद्रात नैसर्गिक गॅस सापडल्यावर १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सरकारी माणसं गल्लोगल्ली फिरून देशातल्या प्रत्येक घरची शेगडी आणि हीटर नव्या गॅसला जुळवून गेली. आजींकडे आलेल्या माणसांनी चहा घेतला, बर्नर बदलले, आणि केक छान झालाय असं सांगितलं. टॅरिफचा विषय निघाला नाही. मग १९८६ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ब्रिटिश गॅस शेअरबाजारात विकली. 'सिडला सांगा' अशी तेव्हाची जाहिरात इतकी गाजली की तिचं नाव काढताच आजी आजही हसतात. त्यानंतर १९९६ ते १९९८ या काळात घरगुती गॅसचा बाजार भाग-भाग करत सगळ्यांना खुला झाला आणि लोकांच्या दारावर विक्रेते येऊ लागले.

"मी कधीच कंपनी बदलली नाही, डिअर," आजी म्हणाल्या. "तीच आपली दर वेळी बदलत गेली."

टॅरिफं मुळात दोन जातींची. एकात वर्ष-दोन वर्षांसाठी दर बांधून मिळतो, दुसऱ्यात तो हलत राहतो. दर बांधून घेणं मराठी माणसाला ऐकताक्षणी पटतं, कारण ती थेट एफडी वाटते. पैसे किती जातील ते आज कळलं, मुदत कळली, कागद फाइलला लावला, आता जग बुडालं तरी चालेल. हलत्या दराला आमच्याकडे शेअरबाजाराचा वास येतो. म्हणून इथल्या मराठी मंडळातले नव्वद टक्के लोक फिक्सवाले. हा आकडा माझा अंदाज आहे, पण त्याला मंडळात कोणी हरकत घेणार नाही.

त्यांच्यातही एक वरचा वर्ग आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात ज्यांनी दोन वर्षांसाठी दर बांधला तो. त्या वेळी लोक त्यांना हसले होते. त्या ऑक्टोबरात मध्यम घराच्या वीज आणि गॅसची नियंत्रित किंमत वर्षाला १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्ये ती १,९७१ झाली आणि युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबरसाठी ३,५४९ जाहीर झाली, तेव्हा सरकारलाच मध्ये पडून ती २,५०० वर थोपवावी लागली. त्या हिवाळ्यात हे दोन-वर्षवाले घरात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून वावरत होते आणि व्हिडिओ कॉलवर मुद्दाम उभे राहून बोलत होते. वास्तविक त्यांना पुतिन यांनी आधी काही कळवलं नव्हतं. तरी अजून मंडळात कोणी गाडी घेतो म्हटलं तरी त्यांचं मत विचारतात. दर बांधून घेतलेल्या ज्यांची कंपनीच बुडाली, त्यांचा बांधलेला दरही तिच्याबरोबर गेला. ते लोक या विषयावर बोलत नाहीत.

वर जी नियंत्रित किंमत म्हटली तिचंही एक प्रकरण आहे. जानेवारी २०१९ पासून ऑफजेम हलत्या दरांवर कमाल मर्यादा घालतं, हल्ली दर तीन महिन्यांनी. वर्तमानपत्रात मथळा येतो तो मध्यम घराच्या वार्षिक खर्चाचा. मर्यादा असते युनिटच्या दरावर आणि रोजच्या ठरावीक आकारावर. एकूण बिलावर नसते. मंडळातल्या एका तरुणाने नुसता मथळा वाचला आणि थर्मोस्टॅट पंचविसावर ठेवून निर्धास्त झोपला. "मर्यादा आहे ना? त्याच्यावर बिल जाणारच नाही!" पहिलं बिल आल्यावर तो मथळ्याखालचा मजकूरही वाचू लागला.

तो रोजचा ठरावीक आकार पुणेरी मनाला फार लागतो. तुम्ही गॅस जाळा, न जाळा, भारतात महिनाभर लग्नाला जाऊन या, दिवसाला तीसेक पेन्स द्यायचेच. कशाचे? नळ दारापर्यंत आल्याचे. सदाशिव पेठेतल्या काकांनी परत जाताना विमानतळावर मुलाला विचारलेला शेवटचा प्रश्न हाच होता.

हलत्या दरातही एक टोकाची शाखा आहे. तिथे गॅसचा दर रोज बदलतो आणि उद्याचा आज कळतो. असं टॅरिफ घेतलेले एक गृहस्थ आमच्यात आहेत. त्यांना नॉर्वेतला कुठला प्रकल्प कधी दुरुस्तीला बंद राहणार ते पाठ असतं. आशियात थंडी पडली की गॅसची जहाजं तिकडे वळतात, म्हणून टोकियोच्या हवामानावर त्यांचा डोळा. घरच्यांना आंघोळीच्या वेळा ते व्हॉट्सॲपवर कळवतात असं मी ऐकून आहे, पण रोज बदलणारा दर दिवसभर एकच असतो, त्यामुळे यात गॅसचा संबंध नसून त्यांच्या स्वभावाचा असावा.

विद्यार्थ्यांच्या खोल्यांत बऱ्याचदा चौथाच प्रकार आढळतो, आधी पैसे भरायचा मीटर. प्लास्टिकचं कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, दहा पौंड भरायचे, परत येऊन कार्ड मीटरमध्ये खुपसायचं. पैसे संपले की गॅस बंद. दुकानदार पुष्कळदा गुजराती निघतो आणि 'घरी फोन केला का आईला?' असं विचारून कार्ड परत देतो. तज्ज्ञ या मीटरला नावं ठेवतात. मला मात्र आतापर्यंतच्या सगळ्या प्रकारांत हाच समजला. गॅस संपतो, तुम्ही तो आणायला जाता. बाकीच्या सगळ्यांत गॅस संपतच नाही, ही त्यांतली खरी मेख.

ज्यांच्या खात्यातून दरमहा परस्पर पैसे जातात त्यांना तर ऋतूही कळत नाहीत. कंपनी वर्षाच्या अंदाजाला बाराने भागते आणि जूनमध्येही जानेवारीइतकेच पैसे घेते. मे महिन्यात राहायला आलेलं कुटुंब ऑगस्टमध्ये खात्यात शिल्लक बघून म्हणतं, इथे गॅस किती स्वस्त! भारतात फोन करूनही सांगतं. ऑक्टोबरात आलेलं कुटुंब फेब्रुवारीत त्याच दराने कर्जबाजारी असतं आणि कोणाला फोन करत नाही. दोघांचा गॅस एक, टॅरिफ एक. फरक विमानाच्या तिकिटाचा.

आणि हा सगळा अंदाज ज्यावर बांधलाय ते घर, त्याचं काय? रेडिंगमधलं आमचं घर एकोणिसाव्या शतकातलं, लाल विटांचं, फोटोत फार देखणं. खिडकीजवळ उदबत्ती धरली की धूर आडवा जातो. नवीन टॅरिफ शोधून जे वाचणार होतं, त्याच्या तोडीचं दाराखाली एक जाड पायपुसणं सरकवून आणि थर्मोस्टॅट एक अंश उतरवून वाचलं असावं, असं माझं मत आहे. पण पायपुसण्यावर मंडळात कोणी दहा मिनिटं बोलत नाही. टॅरिफवर रात्र जागवता येते. हिवाळा किती कडक जाईल, युद्ध कधी थांबेल, मूल रांगायला लागल्यावर घर किती अंशांवर ठेवावं लागेल, सासूबाई किती महिने राहतील, या सगळ्याचं भविष्य एका चौकटीत बरोबरची खूण करून सांगायचं असतं. कुंडली बघणारासुद्धा इतकं बांधील उत्तर देत नाही.

खूण केल्यावर चौदा दिवसांत मन बदलायची मुभा असते. त्यानंतर मध्येच सोडायचं तर दंड. मात्र मुदत संपायला ४९ दिवस उरले की दंड माफ. हे ४९ दिवस ज्याच्या घरात चालू असतात तो माणूस मंडळात लगेच ओळखू येतो. त्याचं जेवणात लक्ष नसतं.

यंदाच्या गणपतीत भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये आरती झाली, प्रसाद झाला आणि ओळीने बसलेल्या पुरुषमंडळींत हाच विषय निघाला. दोन-वर्षवाले वडीलधारे मत देत होते, टोकियोवाले गृहस्थ फोनवर आलेख दाखवत होते. एवढ्यात कोपऱ्यातले एक जण शांतपणे म्हणाले, "आम्ही गॅसच काढून टाकला."

सगळे वळले. त्यांनी बॉयलर काढून हीट पंप बसवला होता. सरकारचं साडेसात हजार पौंडांचं अनुदान मिळालं होतं. शेगडीच्या जागी इंडक्शन. गॅसचा मीटर उचलून नेला. रोजचा ठरावीक आकार बंद! सदाशिव पेठेतल्या काकांच्या मुलाने पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला.

"म्हणजे टॅरिफचा ताप कायमचा गेला," कोणीतरी म्हणालं.

त्यांनी उजळलेल्या चेहऱ्याने फोन बाहेर काढला. "गेला कुठे? आता तर मजा आहे. विजेचा दर दिवसातून कितीदा तरी बदलतो. पहाटे स्वस्त, दुपारी स्वस्त, संध्याकाळी चार ते सात एकदम महाग..."

त्यांच्या पत्नी मागून मोदकांचं ताट घेऊन येत होत्या. "ह्यांचं ऐकू नका," त्या म्हणाल्या. "हे मोदक मी पहाटे पाचला उकडलेत. आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक दुपारी साडेतीनला होतो, आणि पोरं शाळेतून आली की त्यांना थेट रात्रीचं जेवण." त्यांनी माझ्या बायकोच्या ताटात दोन मोदक जास्त वाढले. "रविवारी तुम्ही सगळे जेवायला याच. पण चारच्या आत या."